किंग स्ट्रीटवर वर्दळ कशी परतली: कॅनडातल्या किचनर शहराचं प्रकरण

डिसेंबर १९७१मध्ये कॅनडातल्या किचनर शहराच्या नागरिकांपुढे एक प्रस्ताव मतदानाला आला. १९२४ साली बांधलेलं नगरभवन आणि त्यामागचा शेतकरी बाजार पाडायचा आणि त्या जागी मॉल उभारायचा. लोकांनी होकार दिला. १९७३मध्ये इमारत पडली आणि पुढच्याच वर्षी ‘मार्केट स्क्वेअर’ हा मॉल उघडला. ईटन्स हे त्या काळी देशभर नावाजलेलं डिपार्टमेंट स्टोअर त्यात आलं. नगरभवनाच्या घड्याळाचा मनोरा तेवढा जपून ठेवला गेला आणि १९९५मध्ये व्हिक्टोरिया पार्कात पुन्हा उभा राहिला. शहराला स्वतःचं नवं नगरभवन मिळायला मात्र १९९३ उजाडलं.

आज त्या मतदानाकडे पाहून हळहळणं सोपं आहे. त्या वेळच्या मतदारांना दिसत होतं ते असं: शहराच्या दक्षिण टोकाला १९६०च्या दशकात फेअरव्ह्यू पार्क मॉल उभा राहिला होता, वेगवान रस्ते झाले होते, घरं उपनगरांत सरकत होती आणि किंग स्ट्रीट या मुख्य रस्त्यावरची गिऱ्हाइकं गाडीत बसून तिकडे जात होती. मॉलशी टक्कर द्यायची तर आपणही मॉल बांधू, असा तो हिशेब होता. तो चुकला, आणि का चुकला हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या पन्नास वर्षांतला एकही निर्णय नीट कळत नाही.

पेठ जगत होती कशावर

किचनर टोरोंटोच्या पश्चिमेला साधारण १०० किलोमीटरवर आहे. २०२१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,५६,८८५ होती. शेजारची वॉटरलू आणि केंब्रिज ही शहरं धरली तर महानगर क्षेत्र पावणेसहा लाखांचं. जर्मन भाषकांनी वसवलेल्या या गावाचं नाव १९१६पर्यंत ‘बर्लिन’ होतं. पहिल्या महायुद्धात ते नाव अडचणीचं झालं आणि त्याच वर्षी मरण पावलेल्या लॉर्ड किचनर यांचं नाव शहराला दिलं गेलं. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानी सैन्याचे सरसेनापती असलेले आणि लॉर्ड कर्झन यांच्याशी भांडण मांडलेले तेच हे किचनर.

हे कारखान्यांचं गाव होतं. कातडी कमावणं, रबर, बूट, शर्ट, बटणं, फर्निचर, मांसप्रक्रिया असे धंदे इथे होते आणि त्यांतले बरेचसे किंग स्ट्रीटपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. लँग टॅनरी या कातडी कमावण्याच्या कारखान्याचं चामडं ब्रिटिश साम्राज्यभर जात असे. कॉफमन कंपनीच्या रबर कारखान्याची इमारत अल्बर्ट कान यांनी आखलेली होती. डेट्रॉईटच्या मोटार कारखान्यांमुळे गाजलेले हे वास्तुविशारद. बर्फात घालायचे ‘सोरेल’ बूट मूळचे याच कॉफमनचे.

मुद्द्याची गोष्ट इथे आहे. किंग स्ट्रीटवरची दुकानं सजावटीवर किंवा सवलतींवर चालत नव्हती. सकाळी पाळी सुरू होताना, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि पगाराच्या दिवशी संध्याकाळी हजारो कामगार पायी त्या रस्त्याने जात आणि त्यांच्या खिशातला पैसा तिथे उतरत असे. लँग टॅनरी १९५०च्या दशकात थांबली. मग एकेक कारखाना बंद पडत गेला किंवा शहराबाहेर मोकळ्या जागेत गेला. कॉफमनचं दिवाळं २००० साली वाजलं. कारखान्यांबरोबर पायी चालणारं गिऱ्हाईक गेलं. मॉल हे एक कारण होतंच, पण माझ्या मते दुय्यम. पेठेच्या आसपासचा रोजगार आटला होता, आणि त्या दुखण्यावर शहराने दुकानांचं औषध दिलं.

मार्केट स्क्वेअरने तर आणखी नुकसान केलं. मॉलची रचना आत तोंड करून असते. बाहेरच्या रस्त्याकडे तिची पाठ. गाडी तळघरात लावायची, लिफ्टने वर जायचं, खरेदी करायची आणि तसंच घरी जायचं. किंग स्ट्रीटवर पाऊल टाकायची वेळच येत नाही. पुढे मॉलच्या विस्तारात रस्त्यावरून काचेचा पूल गेला, म्हणजे उरलीसुरली माणसंही वरूनच ये-जा करू लागली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस गौडीज हे गावचं जुनं डिपार्टमेंट स्टोअर मिटलं आणि १९९०च्या दशकात ईटन्सही गेलं. ज्या मॉलसाठी नगरभवन पाडलं, त्या मॉलचं मुख्य दुकान पंचवीस वर्षंही टिकलं नाही.

अकरा कोटींचा निर्णय

१९९३मध्ये नवं नगरभवन किंग स्ट्रीटवर उघडलं. देशव्यापी स्पर्धेतून निवडलेली इमारत आणि समोर मोठा चौक, हिवाळ्यात स्केटिंगसाठी आणि उन्हाळ्यात कारंज्यात पोरांनी भिजण्यासाठी. इमारत देखणी आहे आणि शहराने आपला पत्ता पुन्हा मध्यभागी आणला याला महत्त्व आहेच. पण एका नगरभवनाने पेठ उठत नाही. २०००च्या सुमारास डाउनटाउनमध्ये, म्हणजे किंग स्ट्रीटभोवतीच्या मध्यवर्ती भागात, बंद कारखाने, रिकामी दुकानं आणि पाडकामानंतर पडून राहिलेले भूखंड होते. महापालिकेने एक अख्खा चौक विकत घेऊन ठेवला होता आणि त्यावर काय करायचं याचा वाद वर्षानुवर्षं चालला.

२००४मध्ये महापौर कार्ल झेर यांच्या काळात नगरपरिषदेने आर्थिक विकास गुंतवणूक निधी मंजूर केला. दहा वर्षांत ११ कोटी डॉलर, मुख्यतः डाउनटाउनसाठी. दोन लाखांच्या आसपासच्या लोकवस्तीच्या शहरासाठी ही फार मोठी रक्कम होती. ती शेवटी घरपट्टीतूनच फिटणार होती, तेव्हा विरोध होणं स्वाभाविक होतं. उपनगरात राहणाऱ्या आणि वर्षातून एकदा ऑक्टोबरफेस्ट या जर्मन धाटणीच्या उत्सवाला डाउनटाउनमध्ये येणाऱ्या माणसाने त्यासाठी कर का भरावा, हा प्रश्न रास्त होता.

हा पैसा कुठे गेला ते पाहण्याआधी एक कायदेशीर अट सांगायला हवी. ऑन्टारिओ प्रांताच्या नगरपालिका कायद्याचं कलम १०६ महापालिकेला खासगी उद्योगाला थेट मदत करायला मनाई करतं. रोख रक्कम, स्वस्तात जमीन, कर्जाची हमी, करमाफी यांपैकी काहीही देता येत नाही. शहरांनी कंपन्यांना ओढण्यासाठी एकमेकांवर चढाओढीने बोली लावू नये, हा हेतू. ‘समुदाय सुधारणा क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेल्या भागात काही सवलती देता येतात, पण आखून दिलेल्या नियमांनी आणि सर्वांना सारख्या. थोडक्यात, एखाद्या बड्या कंपनीला पैसे देऊन बोलावण्याची वाट किचनरला बंद होती. मला वाटतं, ही बंदीच शहराच्या पथ्यावर पडली. विद्यापीठं खासगी उद्योग नव्हेत; त्यांना पैसा देता येत होता. आणि कंपनी उद्या उठून जाईल, विद्यापीठाची विद्याशाखा सहसा जात नाही.

वॉटरलू विद्यापीठाचं मुख्य आवार काही किलोमीटरवर शेजारच्या शहरात होतं. किचनरने विद्यापीठाला ३ कोटी डॉलर आणि किंग व व्हिक्टोरिया रस्त्यांच्या कोपऱ्यावरची जागा दिली. तिथे पूर्वी रबराचा कारखाना होता. त्या जागी औषधनिर्माणशास्त्राची शाखा उभी राहिली. २००८मध्ये पहिली तुकडी सुरू झाली. इमारतीच्या काचांवर औषधी वनस्पतींची मोठाली चित्रं आहेत. शेजारीच मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचं प्रादेशिक केंद्र आलं. त्याआधी, २००६मध्ये, विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठाची समाजकार्य शाखा ड्यूक स्ट्रीटवरच्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत आली होती. त्यासाठी शहराने ६५ लाख डॉलर दिले. शेतकरी बाजारालाही २००४मध्ये किंग स्ट्रीटच्या पूर्व भागात स्वतंत्र इमारत मिळाली. मॉलच्या पोटात तीस वर्षं काढून तो पुन्हा रस्त्यावर आला.

या यादीत दुकानदारांना थेट काहीच नाही. डाउनटाउनचं पुनरुज्जीवन म्हणून जाहीर झालेला पैसा डॉक्टर, फार्मासिस्ट आणि समाजकार्यकर्ते घडवणाऱ्या इमारतींत चालला होता. किंग स्ट्रीटवर कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. तरी दिशा बरोबर होती. पूर्वी कारखान्याच्या भोंग्याने जी माणसं रस्त्यावर येत, त्यांच्या जागी दुसरी माणसं आणायची. दुकानं त्यांच्यामागे आपोआप येतील.

टॅनरीत संगणक

२००७मध्ये लँग टॅनरीची लाल विटांची अवाढव्य इमारत एका विकासकाने घेतली आणि तिचं रूपांतर कार्यालयांत केलं. २०१०मध्ये कम्युनिटेक या संस्थेने तिथे आपलं केंद्र उघडलं. १९९७मध्ये स्थापन झालेली ही संस्था नव्या तंत्रज्ञान कंपन्यांना जागा, सल्ला आणि ओळखीपाळखी मिळवून देते. त्याच इमारतीत डिझायर-टू-लर्न ही शिक्षणाचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी आली, गूगलचं कार्यालय आलं, विद्यापीठाचं नवउद्योगांचं केंद्र आलं. गूगलला जागा अपुरी पडू लागली तेव्हा ती रेल्वे मार्गाजवळच्या ब्राइटहॉप्ट ब्लॉक या दुसऱ्या जुन्या कारखान्यात गेली. जानेवारी २०१६मध्ये तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो उद्घाटनाला होते.

यातलं श्रेय कोणाचं? वॉटरलू विद्यापीठ १९५७मध्ये सुरू झालं तेव्हापासून तिथे शिक्षण आणि नोकरी आलटून पालटून करण्याची पद्धत आहे. मुलं पदवी घेईपर्यंत अनेक कंपन्यांत काम करून येतात. ब्लॅकबेरी बनवणारी रिम कंपनी वॉटरलूत होती. २०१२-१३मध्ये तिने मोठी कपात केली तेव्हा शेकडो अभियंते मोकळे झाले आणि त्यांतले अनेक जण नव्या कंपन्यांत गेले किंवा स्वतःच्या काढल्या. हे सगळं किचनरच्या महापालिकेने घडवलेलं नाही. तिच्या हाती होतं ते एवढंच, की हा लोंढा उपनगरी ऑफिस पार्ककडे न जाता डाउनटाउनकडे वळावा म्हणून जागा तयार ठेवणं. प्रदूषित झालेल्या जुन्या कारखान्यांची जमीन साफ करण्याचा खर्च वाढलेल्या मालमत्ता करातून परत करण्याची योजना शहराने आणि प्रादेशिक सरकारने (किचनर, वॉटरलू, केंब्रिज आणि आसपासच्या गावांचं मिळून असलेलं स्थानिक सरकार) मिळून आणली. नव्या बांधकामावर आकारलं जाणारं विकास शुल्क डाउनटाउनमध्ये माफ होतं. ही सूट २०१९पर्यंत टिकली. हे शुल्क घराघरामागे हजारो डॉलर असतं, त्यामुळे ही सूट विकासकांसाठी निर्णायक ठरली. कॉफमनच्या कारखान्यात फ्लॅट झाले, गौडीजच्या इमारतीत मुलांचं संग्रहालय आलं. १८९३चं वॉल्पर हॉटेल दुरुस्त होऊन २०१६मध्ये पुन्हा उघडलं.

इमारती टिकल्या याचं मोल मला सर्वांत जास्त वाटतं. १९७१च्या तर्काने गेलो असतो तर टॅनरी पाडून तिथे वाहनतळ झाला असता.

रस्ता आणि रूळ

२००९-१०मध्ये किंग स्ट्रीटचा डाउनटाउनमधला भाग पुन्हा बांधला. पदपथ रुंद केले, त्यांची कड रस्त्याच्या जवळपास समतल केली आणि काढता-घालता येणारे खांब बसवले. हिवाळ्यात जिथे गाड्या लागतात, तिथे उन्हाळ्यात खांब सरकवून उपाहारगृहाची टेबलं मांडता येतात. उत्सवाला रस्ता बंद केला की कडेकडेने सगळी जागा एक होते. छोटी वाटणारी ही सोय दुकानदारांना प्रत्यक्ष उपयोगी पडली, कारण कॅनडातला उन्हाळा आखूड असतो आणि उपाहारगृहाचा वर्षाचा नफा बऱ्याचदा त्या चार महिन्यांत ठरतो.

इथे दुकानदारांच्या संघटनेबद्दल सांगायला हवं. ऑन्टारिओत ‘व्यवसाय सुधारणा क्षेत्र’ नावाची कायदेशीर व्यवस्था आहे. जगातलं पहिलं असं क्षेत्र १९७०मध्ये टोरोंटोच्या ब्लोर वेस्ट व्हिलेजमध्ये झालं, कारण नवी भुयारी रेल्वे आल्यावर त्या रस्त्यावरचं गिऱ्हाईक आटलं होतं. ठरलेल्या हद्दीतल्या व्यावसायिक मालमत्तांवर थोडा जादा कर बसतो, महापालिका तो वसूल करून संघटनेकडे देते आणि त्यातून रोषणाई, स्वच्छता, कार्यक्रम, जाहिरात असा खर्च होतो. वर्गणी ऐच्छिक नसल्यामुळे ‘मी देणार नाही, शेजारी देईल’ हा प्रश्नच येत नाही. आज प्रांतात अशी ३००हून अधिक क्षेत्रं आहेत. किचनरच्या डाउनटाउनचं क्षेत्र १९७०च्या दशकापासून आहे. आपल्याकडच्या व्यापारी महासंघांना हेवा वाटावा अशी ही रचना आहे. तिची मर्यादाही स्पष्ट आहे: ही संघटना रस्ता आकर्षक करू शकते, पण रस्त्याच्या आसपास कोण राहणार आणि कोण काम करणार हे तिच्या हाती नसतं.

ते ठरवलं ‘आयन’ या लाइट रेलने, म्हणजे ट्रामने. जून २०११मध्ये प्रादेशिक परिषदेने ती मंजूर केली. १९ किलोमीटरचा मार्ग, १९ स्थानकं, एका टोकाला वॉटरलूतला कोनेस्टोगा मॉल आणि दुसऱ्या टोकाला किचनरमधला फेअरव्ह्यू पार्क, म्हणजे ज्याने किंग स्ट्रीटचं गिऱ्हाईक पळवलं तोच मॉल. मूळ अंदाज ८१ कोटी ८० लाख डॉलरचा. पुढे तो वाढला. डबे पुरवणाऱ्या बॉम्बार्डिएने फार उशीर केला, म्हणून रूळ तयार असूनही गाडी धावेना. अखेर २१ जून २०१९ रोजी सेवा सुरू झाली.

एवढ्या आकाराच्या शहरात ट्राम कशाला, असा सवाल तेव्हा खूप जणांनी केला. प्रवाशांच्या आकड्यांवर हा वाद जिंकता येण्याजोगा नव्हता. प्रादेशिक सरकारचं उत्तर जमिनीचं होतं. या शहरांभोवती ऑन्टारिओतली उत्तम शेतजमीन आहे, तिच्यावर मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राबत आले आहेत, आणि ती वाचवायची तर वाढ आत, उभ्या दिशेने वळवायला हवी. विकासकाला बसचा मार्ग उद्या बदलेल अशी भीती असते. जमिनीत गाडलेल्या रुळांवर तो विश्वास ठेवतो. गाडी धावण्याआधीच मार्गाच्या कडेने अब्जावधी डॉलरची बांधकामं मंजूर झाली होती.

आखणीतला एक बारकावा मला फार शहाणपणाचा वाटतो. डाउनटाउनमध्ये ट्राम किंग स्ट्रीटवरून जात नाही. तिचे जाणारे-येणारे मार्ग किंगच्या दोन्ही बाजूंच्या चार्ल्स आणि ड्यूक रस्त्यांवर विभागले आहेत. त्यामुळे नुकताच बांधलेला किंग स्ट्रीट पुन्हा उखडावा लागला नाही. किंग स्ट्रीटवर ज्या ठिकाणी रूळ टाकले, विशेषतः वॉटरलूच्या बाजूला आणि दोन्ही शहरांच्या मधल्या पट्ट्यात, तिथल्या दुकानदारांनी खोदकामाच्या काळात हाल सोसले. रस्ता महिनोन्‌महिने बंद राहिला की लहान दुकानाचं भांडवल संपतं. पुढे येणारी ट्राम त्याच्या उपयोगाची नसते, कारण तोवर तिथे दुसरंच कोणी असतं. सार्वजनिक कामांत अशा व्यावसायिकांना सरळ नुकसानभरपाई मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

जे मार्च २०२०मध्ये उघडं पडलं

करोना आला आणि तंत्रज्ञान कंपन्यांची माणसं एका आठवड्यात घरी गेली. बँक किंवा कारखान्यापेक्षा या कंपन्यांना घरून काम करणं सोपं होतं आणि साथ ओसरल्यावरही पूर्ण आठवडा ऑफिसात येण्याची गरज त्यांना उरली नाही. टॅनरीभोवती कॉफी, सँडविच आणि कामानंतरची बिअर यांवर उभी राहिलेली दुकानं अडचणीत आली. अनेक ठिकाणी पुन्हा ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या लागल्या.

इथे शहराच्या धोरणातली खरी उणीव दिसते. कारखान्याच्या भोंग्याची जागा ऑफिसच्या वेळेने घेतली होती, पण अवलंबित्व तसंच राहिलं: एकाच प्रकारच्या माणसांवर, आठवड्यातले पाच दिवस, ठरावीक तासांत. त्या मानाने विद्यार्थी लवकर परतले. आणि जे फ्लॅटमध्ये राहायला आले होते, ते मुळात कुठे गेलेच नव्हते. सातही दिवस किराणा, न्हावी, औषधं आणि संध्याकाळचं जेवण लागतं ते राहणाऱ्या माणसाला. डाउनटाउनमध्ये ३९ मजल्यांपर्यंतचे मनोरे उभे राहिले आहेत, म्हणजे रहिवासी वाढले. पण मनोऱ्यांच्या तळमजल्यावरची दुकानं मोठ्या मापाची आणि महागडी असतात. तिथे साखळी उपाहारगृह परवडतं, चांभार किंवा शिंपी परवडत नाही. अनेक फ्लॅट लहान, गुंतवणूकदारांनी घेतलेले. कुटुंब वाढलं की भाडेकरू बाहेर पडतो. लोकसंख्येचा आकडा दिसतो, पण दहा वर्षं त्याच रस्त्यावर उधारी ठेवणारं गिऱ्हाईक त्यातून तयार होत नाही.

भारतीयांचा इथे थेट संबंध आहे. किचनरचं कोनेस्टोगा कॉलेज काही वर्षांत कॅनडातल्या सर्वाधिक परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या संस्थांपैकी एक झालं. २०२३मध्ये तिथल्या प्रवेशांसाठी ३० हजारांहून अधिक अभ्यास परवाने मंजूर झाले. बहुसंख्य भारतातले, त्यांत मराठी मुलंही. मार्केट स्क्वेअरच्या जुन्या मॉलमध्येही कॉलेजचं एक आवार आलं. भारतीय किराणा, बिर्याणी, मोबाइलची दुकानं असे लहान धंदे या मुलांवर चालले, आणि कित्येक दुकानांत, उपाहारगृहांत कामालाही हीच मुलं होती. त्याच वेळी एका तळघरात अनेकांनी राहण्याचे प्रकार वाढले आणि भाडी चढली. जानेवारी २०२४मध्ये केंद्र सरकारने परवान्यांवर मर्यादा घातली आणि हा ओघ झपाट्याने आटला. पुन्हा तीच गोष्ट: ग्राहकांचा एक प्रवाह, आणि त्याचा नळ दूर राजधानी ओटावात कोणाच्या तरी हातात. कर्ज काढून आलेल्या मुलांवर कॉलेजने आपला जमाखर्च आणि शहराने आपली पेठ उभी करावी, याला विकास म्हणायला माझं मन तयार होत नाही.

व्हिक्टोरिया स्ट्रीटवरचे तंबू

डाउनटाउनच्या कडेला, भावी रेल्वे-बस स्थानकासाठी राखलेल्या १०० व्हिक्टोरिया स्ट्रीट नॉर्थ या सरकारी जागेवर बेघर लोकांनी तंबू ठोकले. प्रादेशिक सरकार त्यांना हटवण्यासाठी न्यायालयात गेलं. जानेवारी २०२३मध्ये न्यायमूर्ती व्हॅलेंटे यांनी निकाल दिला की निवाऱ्यात पुरेशा जागा नसताना लोकांना तिथून काढणं हे जगण्याच्या आणि सुरक्षिततेच्या घटनात्मक हक्कावर घाला आहे. देशभर गाजलेला हा निकाल. २०२१मध्ये या प्रदेशात मोजलेल्या बेघरांची संख्या १,०८५ होती. ऑक्टोबर २०२४मध्ये ती २,३७१ झाली.

दुकानदारांच्या तक्रारी खऱ्या होत्या: दारात झोपणारी माणसं, फुटलेल्या काचा, घाबरलेलं गिऱ्हाईक. त्यांना निर्दयी म्हणणं अन्यायाचं होईल. पण पुनरुज्जीवनाच्या चर्चेत हा विषय ‘सुरक्षितता’ या सदरात टाकून देणंही तितकंच चूक आहे. वीस वर्षं जमिनीची किंमत वाढावी म्हणून सार्वजनिक पैसा ओतला आणि ती खरोखर वाढली. जुन्या इमारतींतल्या स्वस्त खोल्या त्याच वाढीत गेल्या. तंबू हा त्याच हिशेबाचा दुसरा रकाना आहे.

याच पेठेत एक संस्था हे आधीपासून ओळखून होती. द वर्किंग सेंटर ही संस्था जो आणि स्टेफनी मँचिनी यांनी १९८२च्या मंदीत, कारखाने बंद पडत असताना, बेकार झालेल्या कामगारांसाठी सुरू केली. तिने भाड्याने न राहता क्वीन स्ट्रीटच्या परिसरातल्या जुन्या इमारती हळूहळू विकत घेतल्या. वर परवडणारी घरं, खाली कॅफे, जुन्या सायकली दुरुस्त करण्याची जागा, नोकरी शोधायला मदत. सेंट जॉन्स किचनमध्ये रोजचं जेवण. इथे आलेला माणूस गिऱ्हाईक आहे, स्वयंसेवक आहे की गरजू, हे बाहेरून कळत नाही. डाउनटाउनच्या यशाच्या कहाण्यांत टॅनरी आणि गूगल यांची नावं पहिली येतात. साथीच्या काळातही या जागा उभ्या राहिल्या याचं एक कारण अगदी साधं आहे: इमारत संस्थेच्या मालकीची होती, घरमालक भाडं वाढवू शकत नव्हता.

आता काय

मार्च २०२४मध्ये नगरपरिषदेने ट्राम स्थानकांभोवतीच्या भागासाठी नवे नियोजन नियम मंजूर केले. नव्या इमारतीत किमान अमुक इतके वाहनतळ हवेत ही सक्ती काढली आणि उंचीच्या मर्यादा बऱ्याच सैल केल्या. स्थानकांजवळच्या मोठ्या इमारतींत काही घरं परवडणाऱ्या दराने ठेवण्याची अटही आली. वाहनतळाची सक्ती जाणं ही मोठी गोष्ट आहे, कारण जमिनीखालची एकेक गाडीची जागा बांधायला हजारो डॉलर लागतात आणि तो भार शेवटी भाडेकरूवर पडतो.

पण सगळ्यात महत्त्वाची जागा चार्ल्स स्ट्रीटवर आहे. तिथलं जुनं बस टर्मिनल २०१९मध्ये ट्राम सुरू झाल्यावर बंद झालं. व्हिक्टोरिया पार्क आणि किंग स्ट्रीट यांच्या मधोमध, ट्रामच्या रुळांना लागून, आणि संपूर्ण सार्वजनिक मालकीची. ती सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला विकली तर आणखी दोन मनोरे येतील, आणि विकास शुल्काची सूट न देताही येतील, एवढी किंमत आता या भागाला आहे. माझ्या मते ही जमीन विकूच नये. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी, वर कुटुंबांना पुरतील अशी दोन-तीन खोल्यांची घरं असावीत, त्यांतली निम्मी तरी बिगर-नफा संस्थांकडे. तळमजल्यावर तीनशे-चारशे चौरस फुटांचे गाळे काढून त्यांचं भाडं महापालिकेने ठरवावं. २००४मध्ये शहराने विद्यापीठांसाठी ११ कोटींतून वाट काढली होती. या वेळी नव्याने पैसा उभारायची गरजही तेवढी नाही; जमीन हातात आहे.